मृत्युपत्र आणि नामनिर्देशन : पुनरावलोकनाची आवश्यकता व पद्धती

सारांश

मृत्युपत्र करणे हे मालमत्तेच्या उत्तराधिकार-नियोजनातील पहिले पाऊल आहे, अखेरचे नव्हे. मृत्युपत्र केल्यानंतर कुटुंबाची रचना, मालमत्तेचे स्वरूप आणि कायदा या तिन्ही बाबी बदलत राहतात, परंतु दस्तऐवजातील शब्द मात्र जसेच्या तसे राहतात. प्रस्तुत लेखात भारतीय वारसा अधिनियम, १९२५ व हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ यांच्या आधारे मृत्युपत्र व नामनिर्देशने कालबाह्य का होतात, त्याचे परिणाम कोणते आणि ती अद्ययावत करण्याची विधिमान्य पद्धत कोणती, याचे विवेचन केले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या सेवाविषयक लाभांचा त्यात विशेष विचार आहे.

बीजसंज्ञा : मृत्युपत्र, पुरवणी मृत्युपत्र, नामनिर्देशन, उत्तराधिकार, अवशिष्ट मालमत्ता

प्रस्तावना

मृत्युपत्र लिहिले जाते एका दिवशी आणि अमलात येते दुसऱ्याच दिवशी. या दोन दिवसांमध्ये कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असते. एवढ्या काळात मुले सज्ञान होतात, त्यांचे विवाह होतात, जोडीदाराचे निधन होते, घर विकले जाते किंवा इमारतीचा पुनर्विकास होतो, ठेवी मोडून म्युच्युअल फंडात गुंतविल्या जातात. मृत्युपत्रातील वाक्ये मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहतात.

सुशिक्षित वर्गात मृत्युपत्राविषयीचा संकोच पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. निवृत्तीच्या सुमारास वकिलाकडून मसुदा करून घेणारे, दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंदणी करणारे अध्यापक आज पुष्कळ आढळतात. तथापि, एकदा नोंदणी झाली की ‘व्यवस्था झाली’ अशी समजूत करून घेऊन तो दस्तऐवज कपाटात ठेवला जातो आणि पुन्हा उघडला जात नाही. सेवेत रुजू होताना भरलेल्या नामनिर्देशन-पत्रांची स्थितीही वेगळी नसते. जुने मृत्युपत्र हे मृत्युपत्र नसण्यापेक्षा बरे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मानणे नेहमीच खरे ठरत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. समजा, पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयातील हिंदू प्राध्यापकांनी १९९९ मध्ये मृत्युपत्र केले. त्यात तीन तरतुदी होत्या : सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका पत्नीस, गावाकडील वडिलोपार्जित शेती मुलास, आणि एका बँकेतील, खातेक्रमांकासह नमूद केलेल्या मुदतठेवी विवाहित मुलीस. दोन सहकारी साक्षीदार होते आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याची व्यवस्थापक, म्हणजेच एक्झिक्युटर, म्हणून नेमणूक केली होती. वाटणी विचारपूर्वक केलेली होती. पत्नीला निवारा, मुलाला जमीन आणि मुलीला तोडीस तोड रोख रक्कम, असा तिचा हेतू होता.

पुढे २०१६ मध्ये पत्नीचे निधन झाले. २०१९ मध्ये इमारतीचा पुनर्विकास झाला आणि जुन्या सदनिकेच्या जागी वेगळ्या क्रमांकाची, अधिक क्षेत्रफळाची सदनिका मिळाली. व्याजदर उतरल्यामुळे मुदतठेवी मोडून ती रक्कम म्युच्युअल फंडात गुंतविली गेली. एक साक्षीदार व व्यवस्थापक हे दोघेही निवर्तले. मृत्युपत्र मात्र १९९९ चेच राहिले. अशा स्थितीत प्राध्यापकांचे निधन झाल्यास काय होईल?

सदनिकेची तरतूद प्रथम पाहू. भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम १०५ नुसार, ज्याच्या लाभासाठी तरतूद केली ती व्यक्ती मृत्युपत्रकर्त्याच्या आधी मरण पावली तर ती तरतूद निष्फळ ठरते आणि ती मालमत्ता अवशिष्ट मालमत्तेत जमा होते. मृत्युपत्रात पर्यायी व्यक्ती नमूद असेल तरच परिणाम वेगळा होतो. कलम १०९ मधील अपवाद मृत्युपत्रकर्त्याच्या मुलांपुरता व वंशजांपुरता आहे. आधी निवर्तलेल्या अपत्याला स्वतःची अपत्ये असतील तर तरतूद टिकते. पत्नीच्या बाबतीत हा अपवाद लागू होत नाही. उदाहरणातील मृत्युपत्रात ‘उर्वरित सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीस’ असे अवशिष्ट मालमत्तेविषयीचे कलमच नाही. परिणामी सदनिका विनामृत्युपत्र मालमत्ता ठरून मुलगा व मुलगी यांच्यात समान विभागली जाईल. पत्नी हयात असती तर सदनिकेच्या वर्णनावरूनही वाद संभवला असता. मृत्युपत्रातील क्रमांकाची सदनिका आज अस्तित्वात नाही. तिच्या बदल्यात मिळालेली सदनिका त्या वर्णनात बसते की नाही, हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

मुदतठेवींची गोष्ट अधिक गंभीर आहे. कलम १५२ नुसार, विशिष्ट म्हणून नमूद केलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मृत्युपत्रकर्त्याच्या मालकीची नसेल, किंवा तिचे दुसऱ्या प्रकारच्या मालमत्तेत रूपांतर झालेले असेल, तर त्या तरतुदीचा लोप होतो. खातेक्रमांकासह लिहिलेल्या ठेवी उरलेल्या नाहीत. म्हणून मुलीला त्या तरतुदीखाली काहीच मिळणार नाही. म्युच्युअल फंडातील रक्कम अवशिष्ट मालमत्तेत जाईल आणि तिचा निम्मा भाग मुलाकडे जाईल. मुलीसाठी राखून ठेवलेल्या रकमेचा अर्धा वाटा, कोणीही तसे इच्छिलेले नसताना, मुलाला मिळेल.

शेतीच्या बाबतीत उलट दिशेने तोच प्रकार घडतो. जमीन वडिलोपार्जित सहदायादी मालमत्ता असल्यास मृत्युपत्रकर्ता केवळ स्वतःच्या हिश्श्याची व्यवस्था करू शकतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० ने दिलेला अधिकार तेवढाच आहे. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले होते. परंतु त्या दुरुस्तीपूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद नाहीसा केला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये हा हक्क जन्मसिद्ध असून २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे ‘संपूर्ण शेती मुलास’ हे १९९९ चे वाक्य मुलीच्या स्वतंत्र हिश्श्याला स्पर्श करू शकत नाही.

या उदाहरणात कोणी अप्रामाणिक नाही, कोणाचा निष्काळजीपणा डोळ्यांवर येण्याजोगा नाही आणि दस्तऐवज कायद्याने वैध आहे. तरीही तीनपैकी एकही तरतूद लिहिल्याप्रमाणे अमलात येत नाही. शिवाय मृत्युपत्र अस्तित्वात असल्यामुळे भाऊ-बहीण यांच्यापैकी प्रत्येकाला ‘वडिलांची खरी इच्छा’ आपल्या बाजूची असल्याचे म्हणता येते. मृत्युपत्र नसते तर समान वाटणी झाली असती आणि कदाचित वादही झाला नसता.

नामनिर्देशन आणि वारसा

मृत्युपत्राइतकाच गैरसमज नामनिर्देशनाविषयी आहे. ‘नॉमिनी लावलेला आहे’ या वाक्याने अनेक कुटुंबांत हा विषय संपतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रकारच्या मालमत्तेत नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी व्यक्ती असते, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी (१९८४) या प्रकरणात विमा पॉलिसीच्या संदर्भात हे तत्त्व मांडले. बँकठेवींबाबत २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात तेच तत्त्व लागू केले गेले. कंपन्यांच्या समभागांविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २०१० मध्ये वेगळा निर्णय दिल्यामुळे काही वर्षे संभ्रम होता. तो शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ मधील निर्णयाने दूर झाला. समभागांतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, वारसांचा हक्क अबाधित राहतो, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे.

आयुर्विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीने महत्त्वाचा बदल केला. पॉलिसीधारकाने आई-वडील, पती किंवा पत्नी, अथवा अपत्ये यांपैकी कोणास नामनिर्देशित केले असेल तर ती व्यक्ती लाभार्थी नामनिर्देशित मानली जाते. या तरतुदीच्या व्याप्तीविषयी उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. म्हणूनच विवाहापूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर केवळ आईचे किंवा वडिलांचे नाव असेल आणि ती रक्कम पत्नी व मुलांना मिळावी असा हेतू असेल, तर ते नाव बदलणे हाच निर्धोक मार्ग ठरतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन-पत्र दिलेले असले तरी त्याने सदनिकेची मालकी ठरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यातील कलम १५४ब-१३ नुसार, कायदेशीर वारसांना सदस्यत्व मिळेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्य करून घेतले जाते. संस्थेशी व्यवहार करण्यास कोणीतरी असावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

बँकांच्या बाबतीत १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यवस्था लागू झाली आहे. बँकिंग कायदे (दुरुस्ती) अधिनियम, २०२५ नुसार ठेवीदाराला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते एकाच वेळी, म्हणजे प्रत्येकाचा टक्केवारीने वाटा ठरवून, किंवा क्रमाने, म्हणजे पहिली व्यक्ती हयात नसल्यास दुसरी, अशा दोन प्रकारे करता येते. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमाने नामनिर्देशनाची सोय आहे. जुन्या खात्यांवरील एकच नाव पुन्हा तपासण्यास हे चांगले निमित्त आहे.

येथे एक व्यावहारिक तत्त्व लक्षात ठेवणे इष्ट ठरते. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या दोहोंत शक्यतो एकच व्यक्ती असावी. मृत्युपत्रात रक्कम मुलीस आणि नामनिर्देशन मुलाच्या नावे असेल, तर बँक रक्कम मुलाला देऊन मोकळी होते आणि ती मिळविण्यासाठी बहिणीला भावाविरुद्ध दाद मागावी लागते. कायद्याने हक्क तिचाच असतो. परंतु तो बजावण्याची किंमत नात्याला मोजावी लागते.

अध्यापकांचे सेवाविषयक लाभ

अध्यापकांच्या मालमत्तेचा मोठा भाग सेवेतून निर्माण झालेला असतो. मात्र त्यातील प्रत्येक घटक मृत्युपत्राने देता येतो असे नाही. कुटुंब निवृत्तिवेतन हे त्याचे ठळक उदाहरण होय. सर्वोच्च न्यायालयाने व्हायोलेट आयझॅक विरुद्ध भारत सरकार (१९९१) या प्रकरणात, कुटुंब निवृत्तिवेतन हा मृत कर्मचाऱ्याच्या मालमत्तेचा भाग नसून नियमांत सांगितलेल्या कुटुंबीयांचा हक्क आहे, त्यामुळे त्याची व्यवस्था मृत्युपत्राने करता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणून येथे महत्त्व आहे ते सेवापुस्तकातील कुटुंबाच्या तपशिलाला. दुसरा विवाह, जोडीदाराचे निधन, दिव्यांग अपत्य यांची नोंद वेळीच झालेली नसेल तर वारसांना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या नियमांत एक समान सूत्र आढळते. कुटुंब असलेल्या कर्मचाऱ्याने नामनिर्देशन कुटुंबातील व्यक्तींच्याच नावे करावयाचे असते. आणि कुटुंब नसताना अन्य व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन पुढे कुटुंब निर्माण झाल्यावर अवैध ठरते. नोकरी लागताच, विवाहापूर्वी, मित्राचे नाव लिहून दिलेल्या पत्राचे पुढे काय होते, याचे उत्तर या सूत्रात आहे. ‘कुटुंब’ या संज्ञेत कोणाचा समावेश होतो हे प्रत्येक नियमावलीत थोडे वेगळे असल्याने, लागू असलेले नियम पाहूनच नवे पत्र भरणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या अध्यापकांनी आपल्या निवृत्तिवेतन खात्यातील नामनिर्देशनाची स्वतंत्र तपासणी करावयास हवी. महाविद्यालयाच्या कार्यालयातील कागद बदलला म्हणून तेथील नोंद आपोआप बदलत नाही.

अपत्यहीन अध्यापिका व कलम १५

पुनरावलोकनाचा, किंबहुना मृत्युपत्र करण्याचाच, प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो अपत्य नसलेल्या हिंदू स्त्रीच्या बाबतीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार, मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या स्त्रीची मालमत्ता प्रथम तिची अपत्ये व पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर ती पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर येतो. माहेरकडून वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरता अपवाद आहे. परंतु तिने स्वतः कमावलेल्या मालमत्तेला तो लागू होत नाही.

ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण (२००९) या प्रकरणात या तरतुदीचा परिणाम पूर्णपणे दिसून आला. विवाहानंतर तीन महिन्यांतच वैधव्य आलेल्या एका स्त्रीला सासरी थारा मिळाला नाही. माहेरच्या माणसांनी तिला सांभाळले, शिकविले. तिने नोकरी करून बँकेत व भविष्य निर्वाह निधीत मोठी रक्कम साठविली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करताच तिचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीची कठोरता मान्य केली. तथापि कायद्याचे शब्द स्पष्ट असल्याने ती मालमत्ता तिच्या पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. याच कलमाला आव्हान देणाऱ्या याचिकेच्या संदर्भात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले.

अध्यापनाच्या क्षेत्रात स्वतःच्या वेतनावर घर उभारलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा अपत्यहीन स्त्रियांची संख्या लहान नाही. त्यांच्यापैकी कोणी पतीच्या नावे मृत्युपत्र करून ठेवले असेल आणि पती आधी निवर्तला असेल, तर ती तरतूद कलम १०५ प्रमाणे निष्फळ होते. पर्यायी व्यक्ती अथवा अवशिष्ट मालमत्तेचे कलम नसेल तर तीही अखेर कलम १५ च्याच क्रमात जाऊन पडते. ज्या बहिणीने किंवा भाचीने आजारपणात सेवा केली, तिचा त्या क्रमात जवळपास कोठेही उल्लेख नसतो. एका परिच्छेदाच्या दुरुस्तीने हा परिणाम टाळता येतो.

धर्म, विवाह व प्रदेश यांनुसार भेद

विवाह किंवा घटस्फोट यांचा मृत्युपत्रावर होणारा परिणाम सर्वांना सारखा लागू नाही. भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम ६९ नुसार मृत्युपत्रकर्त्याच्या विवाहाने त्याचे आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हा नियम ख्रिस्ती व पारशी व्यक्तींना लागू आहे, हिंदूंना नाही. म्हणजे पहिल्या विवाहाच्या काळात मृत्युपत्र केलेल्या हिंदू व्यक्तीने पुढे दुसरा विवाह केला तरी जुने मृत्युपत्र कायम राहते. घटस्फोटाने पूर्वीच्या जोडीदारासाठी केलेली तरतूद आपोआप रद्द होते, असेही अधिनियमात कोठे म्हटलेले नाही. मुस्लिम व्यक्तीस साधारणतः वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भागाची व्यवस्था मृत्युपत्राने करता येत नाही. त्यामुळे मालमत्तेचे मूल्य बदलले की तो हिशेबही बदलतो. विशेष विवाह अधिनियमाखालील विवाहात दोघेही हिंदू असतील तर त्यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियमच लागू राहतो. आंतरधर्मीय विवाहात मात्र सर्वसाधारणपणे भारतीय वारसा अधिनियम लागू होतो.

गोव्यातील अध्यापकांची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे पती-पत्नीची सामाईक मालमत्ता आणि अपत्यांसाठी राखीव असलेला अर्धा हिस्सा ही तत्त्वे असल्याने मृत्युपत्राने द्यावयाचा भाग मुळातच मर्यादित असतो. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ हा आज तेथील कायदा आहे. गोमंतकीय अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील स्थावर मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जोझे पाउलो कुतिन्हो प्रकरणात, मुंबईतील मालमत्तेच्या संदर्भात, ठरविले. मुंबईत घर घेतले म्हणून तेथील रीतीने मृत्युपत्र करणाऱ्या गोमंतकीयाने या निर्णयाची दखल घेतली पाहिजे.

कार्यपद्धतीतही बदल होत असतात. पूर्वी मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रावर हक्क प्रस्थापित करण्यासाठी कलम २१३ नुसार प्रोबेट अनिवार्य होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने ते कलम वगळले आहे. जुन्या मसुद्यांत प्रोबेट गृहीत धरून केलेल्या तरतुदी त्या दृष्टीने पुन्हा वाचणे आवश्यक आहे.

बदल करण्याची विधिमान्य पद्धत

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदणीकृत मृत्युपत्रही त्याला अपवाद नाही. बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता सहजासहजी परत घेता येत नाही. मृत्युपत्राचे वैशिष्ट्य आणि सामर्थ्य त्याच्या परिवर्तनीयतेत आहे. परंतु बदल कसा करावा याविषयी कायदा काटेकोर आहे.

मूळ प्रतीवर पेनाने नाव खोडून दुसरे नाव लिहिणे ही सर्वांत प्रचलित चूक होय. कलम ७१ नुसार, मृत्युपत्र केल्यानंतर केलेली खाडाखोड किंवा मध्ये लिहिलेला मजकूर, मृत्युपत्राप्रमाणेच स्वाक्षरी व साक्षांकन केल्याशिवाय परिणामकारक होत नाही. मृत्युपत्रासाठी कलम ६३ ने घातलेल्या अटी अशा : मृत्युपत्रकर्त्याची स्वाक्षरी किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांच्यापैकी प्रत्येकाने ती स्वाक्षरी होताना पाहिली आहे किंवा तशी कबुली मृत्युपत्रकर्त्याकडून ऐकली आहे, आणि ज्यांनी त्याच्या समक्ष सही केली आहे.

किरकोळ बदलासाठी, उदाहरणार्थ व्यवस्थापक बदलणे किंवा सदनिकेचा नवा क्रमांक नमूद करणे यासाठी, पुरवणी मृत्युपत्र पुरेसे असते. तेही याच पद्धतीने साक्षांकित करावे लागते आणि मूळ मृत्युपत्राची तारीख त्यात नमूद असावी लागते. वाटणीचे स्वरूपच बदलत असेल, किंवा आधीच एक-दोन पुरवण्या झालेल्या असतील, तर नवे मृत्युपत्र करणे अधिक श्रेयस्कर. नव्या मृत्युपत्राच्या प्रारंभी ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द करीत आहे’ असे स्पष्ट विधान असावे. ते नसेल तर जुन्या व नव्या दस्तऐवजांची सांगड घालण्याचे काम न्यायालयावर पडते. कलम ७० नुसार रद्द करण्याच्या हेतूने मृत्युपत्र फाडून वा जाळून ते रद्द करता येते. परंतु नोंदणीकृत मृत्युपत्राची नोंद कार्यालयात राहत असल्याने लेखी व साक्षांकित रद्दीकरण अधिक सुरक्षित असते. नोंदणी ऐच्छिक आहे आणि मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क लागत नाही. तथापि पहिले मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर बदलाचीही नोंदणी करावी, म्हणजे दोहोंचे वजन सारखे राहते.

साक्षीदारांची निवड उपेक्षिली जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ नुसार मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी, उपलब्ध असल्यास, किमान एका साक्षीदाराची साक्ष आवश्यक असते. सत्तरीच्या मृत्युपत्रकर्त्याने सत्तरीचेच दोन मित्र साक्षीदार घेणे म्हणूनच योग्य नव्हे. साक्षीदार वयाने लहान, सहज शोधता येण्याजोगे आणि लाभार्थी नसलेले असावेत. एखाद्या निकटच्या वारसाला वगळले असेल किंवा वाटणी असमान असेल तर त्याचे कारण दोन ओळींत नमूद करावे. व्यंकटचल अय्यंगार प्रकरणापासून (१९५९) न्यायालये संशयास्पद परिस्थितीचे समाधानकारक स्पष्टीकरण मागत आली आहेत. वार्धक्यात बदल करताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडल्यास मानसिक क्षमतेविषयीचा आक्षेप दुबळा होतो.

पुनरावलोकन केव्हा व कसे

पुनरावलोकनाची वेळ दोन प्रकारे ठरते. कुटुंबातील जन्म, दत्तक, विवाह, घटस्फोट, गंभीर आजार किंवा मृत्यू, घराची खरेदी, विक्री किंवा पुनर्विकास, निवृत्ती, अपत्याचे परदेशी स्थलांतर, आणि वारसाविषयक कायद्यातील बदल, हे प्रसंग ताबडतोब पुनर्वाचन आवश्यक करतात. असा कोणताही प्रसंग घडला नाही तरी तीन ते पाच वर्षांतून एकदा दस्तऐवज वाचावा. आयकर विवरणपत्राच्या वेळी सर्व गुंतवणुकीचे कागद एकत्र येतातच. त्याच आठवड्यात हे काम करणे सोयीचे ठरते. वाचताना पुढील प्रश्न विचारावेत :

१. मृत्युपत्रात नमूद केलेली प्रत्येक मालमत्ता आज त्याच वर्णनासह मालकीची आहे काय? सातबारा उतारा, भागप्रमाणपत्र व मृत्युपत्र यांतील तपशील जुळतात काय?

२. प्रत्येक लाभार्थी हयात आहे काय? नसल्यास पर्यायी व्यक्ती नमूद आहे काय?

३. अवशिष्ट मालमत्तेचे कलम आहे काय?

४. व्यवस्थापक व साक्षीदार हयात, सक्षम आणि संपर्कात आहेत काय?

५. अज्ञान अपत्यासाठी नेमलेला पालक आजही आवश्यक व योग्य आहे काय? दिव्यांग अपत्यासाठी विश्वस्त व्यवस्था केली आहे काय?

६. बँक, विमा, डीमॅट, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व गृहनिर्माण संस्था येथील नामनिर्देशने मृत्युपत्राशी सुसंगत आहेत काय?

७. मूळ प्रत कोठे आहे हे व्यवस्थापकाला ठाऊक आहे काय?

अखेरचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या किंवा मागणी न झालेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ठेव वारसांना परत मिळू शकते, परंतु ती होती हे त्यांना प्रथम कळावे लागते. म्हणून मृत्युपत्रासोबत मालमत्तेची एक साधी यादी असावी आणि ती दरवर्षी सुधारावी. यादी मृत्युपत्राचा भाग नसल्याने तिला साक्षांकनाची गरज नाही. विशिष्ट खातेक्रमांक शक्यतो यादीत ठेवावेत. मृत्युपत्रात ‘मृत्यूसमयी माझ्या नावे असलेल्या सर्व बँकठेवी, म्युच्युअल फंड व रोखे’ असे व्यापक वर्णन करावे. कलम ९० नुसार मालमत्तेचे वर्णन, विरुद्ध हेतू दिसत नसल्यास, मृत्यूच्या वेळी त्या वर्णनात बसणाऱ्या मालमत्तेला लागू होते. पूर्वोक्त उदाहरणातील प्राध्यापकांनी एवढे एक वाक्य वेगळे लिहिले असते, तर मुलीचा हिस्सा बँकेतून म्युच्युअल फंडात गेला तरी मुलीकडेच राहिला असता.

समारोप

मृत्युपत्राचे पुनरावलोकन हा मालमत्तेचा हिशेब जसा आहे तसाच तो नात्यांचाही हिशेब आहे. दस्तऐवज जुना झाला म्हणून तो अवैध ठरत नाही; उलट तो वैध राहतो, आणि म्हणूनच त्यातील कालबाह्य शब्दांचा परिणाम वारसांना भोगावा लागतो. जेथे शब्द अपुरे पडतात तेथे कायदा आपल्या क्रमाने वाटणी करतो. त्या क्रमाला सेवा, जिव्हाळा किंवा दिलेला शब्द यांची ओळख नसते.

या कामी महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. सेवापुस्तकाची पडताळणी करताना प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याची नामनिर्देशन-पत्रे दाखवून त्यावर स्वाक्षरी व तारीख घेण्याची प्रथा सुरू केली, तर तीस वर्षांपूर्वी लिहिलेली नावे निदान एकदा तरी नजरेखालून जातील. उरलेले काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. त्याला एक दुपार, मूळ प्रत आणि दोन साक्षीदार एवढेच साहित्य लागते.